मुठेत मासे आहेत! (भिडे पुलाखालचा व्हिडिओ)

कर्वेरस्ता_४

मंडळी, सकाळीसकाळी आनंदाची बातमी. परवा रात्री मृगाची पहिली जोरदार सर येऊन गेली. काल सव्वासहाला फिरायला निघालो आणि पुण्यात मुठा नदीवरच्या भिडे पुलावर सवयीने खाली वाकून बघितलं, तर पाण्यावर शेकडो तोंडं! बोटभर ते वीतभर लांबीचे मासे पार वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. देवळाच्या तळ्यात चुरमुरे टाकल्यावर करतात ना, अगदी तसे. बरोबर काही नव्हतं, नाहीतर टाकलं असतं.

गेली तीस वर्षं या पुलावरून नाक दाबून जातोय. त्या पाण्यात एवढे मासे बघून खरंच भरून आलं. व्हिडिओ जोडलाय. नदी मेली, नदी मेली म्हणून गळे काढणाऱ्यांनी जरूर बघावा.

आंबटशौकीन

मासे जिवंत आहेत याचा अर्थ त्यांनी अजून ते पाणी प्यायलेलं नाही.

सातारी_कंदी

मस्त व्हिडिओ! मुलाला दाखवला. तो विचारतोय, त्यांना भूक लागलीय का?

गळकरी

अभिनंदनावर पाणी ओततोय, राग मानू नका. चौदाव्या सेकंदाला थांबवून बघा. उजवीकडचा काळपट मासा, गळ्याखाली पांढुरका, शेपटीची आणि पाठीवरच्या पराची कड लालसर. ही चिलापी. विणीच्या दिवसांतला नर. भिगवणला कुठल्याही खानावळीत हीच ताटात येते. तिचं मूळ गाव आफ्रिका, १९५२ मध्ये आपल्याकडे आणून सोडली. बाकीची बोटभर पिल्लंही बहुतेक तिचीच.

खडकवासल्यापासून उजनीपर्यंत पंचवीस वर्षं गळ टाकतोय. शहराच्या हद्दीत गेल्या काही वर्षांत चिलापी आणि परदेशी मांगूर सोडून तिसरं काही लागलं तर मी घरी फोन करून सांगतो.

कर्वेरस्ता_४

गळकरी, असेल चिलापी. पण मासा तो मासा. जगतोय ना? पाणी विषारी असतं तर जगला असता का?

पावसाळी_बेडूक

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते, पण "मासा तो मासा" वाचून राहवेना. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, आणि त्या काळात दोन पावसाळे नदीतल्या माशांच्या पाहणीत हरकाम्या म्हणून घालवलेत. म्हणजे बादल्या उचलणे, मासे मोजणे, वहीत लिहिणे.

सगळ्यात आधी सातारी_कंदींच्या मुलाला उत्तर. बाळा, त्यांना भूक लागलेली नाही. ते गुदमरलेत.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फारच कमी झाला की मासे वर येतात. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात त्यातल्या त्यात जास्त ऑक्सिजन असतो. तेवढंच पाणी कल्ल्यांवरून फिरवायला ते तोंड वर काढतात. पहिल्या पावसानंतरच का? उन्हाळाभर गटारात, नाल्यात, नदीच्या तळाशी साचलेला गाळ त्या एका सरीत ढवळून नदीत येतो. तो कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन फस्त करतात. त्यात वेळ पहाटेची. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं, म्हणून चोवीस तासांतला नीचांक सूर्योदयाच्या सुमाराला असतो. कर्वेरस्ता_४, तुम्ही बरोबर त्याच घटकेला पुलावर होतात. चुरमुरे टाकले असतेत तर कुजायला आणखी थोडी भर.

आता "जगतोय ना". कुठला मासा जगतोय हे बघायचं असतं. चिलापी कमी ऑक्सिजन सोसते, खारं पाणी सोसते, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तळाशी गाळ असला तरी तिचं काही अडत नाही. मांगूर तर सरळ हवेतून श्वास घेतो. याउलट आपला मळ्या घ्या. बोटाएवढा तपकिरी मासा, खालच्या ओठामागे चकती असते, तिने वाहत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्या दगडावर बोटभर चिखल बसला की मळ्याचं घरही गेलं आणि ताटही. ऑक्सिजन मोजायचा नंतरचा प्रश्न.

म्हणून माशांवर काम करणारे लोक "मासे आहेत का" असं विचारत नाहीत. "यादीतले कोण उरलेत" असं विचारतात. आणि पुण्याचं भाग्य म्हणजे आपल्याकडे ती यादी आहे. जेवायला बोलावताहेत, बाकीचं रात्री लिहिते.

आंबटशौकीन

एक आनंदाचा धागा होता, त्याचंही पोस्टमॉर्टेम झालं.

विदा_द्या

ताई, माहिती चांगली, पण एका व्हिडिओवरून निष्कर्ष कसा? सरकारी नोंदींमध्ये शहरातल्या काही ठिकाणी ऑक्सिजन चार-पाचच्या घरात दिसलेला मी स्वतः पाहिलाय. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, आंघोळीसाठी ५. मग पास झाली की नदी.

पावसाळी_बेडूक

आले. आधी यादी, मग विदा_द्या यांचं गणित.

कर्नल विल्यम सायक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची पाहणी करत फिरत होता. जमीन, पिकं, पक्षी, सगळंच टिपायचा. त्यात मासेही. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याने इथल्या मासेमारांकडून ऐकलेली नावं जशीच्या तशी शास्त्रीय नावांत घातली. दख्खनच्या महसीर माशाचं, म्हणजे खुद्रीचं, शास्त्रीय नाव आजही 'टॉर खुद्री'. मळ्याचं 'गारा मुल्या'. घोगऱ्याचं 'रिटा गोग्रा'. कोळसचं 'कोलस', शिंगटीचं 'सींगटी'. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात बरणीवर हेच नाव लिहिलं जातं. आणि महसीरचा नमुना त्याला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत! म्हणजे बंडगार्डनच्या खाली, जिथे आज जलपर्णीवर बगळे चालत जातात, त्या बाजूला.

मग १८७२ मध्ये फ्रान्सिस डे याने पुण्याहून एक चिमुकला मासा वर्णन केला. त्याला इथल्या कर्नल एव्हेझार्डचं नाव आहे. १९४२ मध्ये फ्रेझर आणि होरा-मिश्रा यांनी 'पुण्याचे मासे' म्हणून बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) नियतकालिकात याद्या दिल्या, १९४४ मध्ये सूटर यांनी भर घातली, १९६३ मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर यांनी. २००३ मध्ये मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे आणि त्यांचे सहकारी वाघ यांनी खास मुळा आणि मुठेच्या माशांवर लेख लिहिला. त्याच वर्षी खरात, डहाणूकर वगैरेंनी पुणे जिल्ह्यातल्या माशांची रचना दीर्घ काळात कशी बदलली ते 'करंट सायन्स'मध्ये मांडलं.

नीलेश डहाणूकर हे नाव लक्षात ठेवा. आयसर पुण्यात असताना त्यांनी या विषयात इतकं काम केलंय की पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर काहीही वाचायला घेतलं की हे नाव समोर येतंच. २००४ च्या त्यांच्या लेखात पश्चिम घाटातल्या २८८ जातींचा हिशेब होता, त्यातल्या ११८ फक्त इथल्याच. २०१३ मध्ये राजीव राघवन यांच्याबरोबर केलेल्या सूचीत आकडा ३२० वर गेला. मासे वाढले असं नाही हं, अभ्यास वाढला. आणि २०१२ मध्ये त्यांच्या गटाने इंद्रायणीतले ५७ प्रकारचे मासे नोंदवले. लोणावळ्यापासून निघणाऱ्या त्याच इंद्रायणीत, जिचा आळंदीतला फेस आपण दर कार्तिकीला टीव्हीवर बघतो.

हे वाचून पहिल्यांदा मला वाटलं, ५७ म्हणजे छान की! मग माझ्या सरांनी (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) नकाशा समोर ठेवला आणि म्हणाले, जाती नुसत्या मोजू नकोस, कुठे सापडल्या ते बघ. पाणी जिथे दगडांवरून खळाळतं तिथे मळ्या आणि मुरे असे दगडांतले मासे मिळतात. नदी गावात शिरली, बंधाऱ्यामागे थांबली, नाला मिळाला, की बादलीत एकाच चेहऱ्याचे मासे येऊ लागतात. मी स्वतः मोजलेत. वरच्या एका ओढ्यावर दोन तासांत अकरा प्रकार. खाली शहरात, त्याच जाळ्याने, तेवढ्याच वेळात, दोन. पण वजन केलं तर खालची बादली जड! हेच लोकांना पटवणं अवघड जातं.

पावसाळी_बेडूक

विदा_द्या, आता तुमचं. निकष बरोबर सांगितलात. पण नमुना किती वाजता घेतला होता? माणूस कार्यालयात येणार, गाडी निघणार, बाटल्या भरणार, म्हणजे अकरा-बारा वाजले. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं शेवाळ भर उन्हात इतका ऑक्सिजन सोडतं की दुपारी आकडा चकाचक येतो. तेच पाणी पहाटे पाचला मोजा. मासा सरासरीवर जगत नाही. त्याला एक वाईट पहाट पुरते.

दुसरी गंमत अमोनियाची. सांडपाण्यात तो असतोच, पण त्याची दोन रूपं. एक फारसं घातक नाही, दुसरं कल्ल्यांतून सरळ आत जातं. कुठलं रूप किती हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर घातक रूप हजारात सहा भागांच्या आसपास. पीएच ९ झाला तर तेच एक तृतीयांशाच्या वर! आणि दुपारी पीएच चढवतं कोण? तेच शेवाळ. म्हणजे ज्या दुपारी ऑक्सिजनचा आकडा छान, त्याच दुपारी अमोनिया जास्त विषारी. पहाटे गुदमरायचं, दुपारी विष. यातून पार पडेल तो मासा जगला.

विदा_द्या

वेळेचा मुद्दा मान्य. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोंदीत तारीख असते, वेळ मी तरी कुठे पाहिली नाही.

भोईआळीचा

धागा दोन दिवस वाचतोय. आमचं घराणं भोयांचं. पालख्या वाहिल्या, होड्या चालवल्या, मासे धरले. आता मी बँकेत आहे.

आजोबा संगमावर जाळं टाकायचे. त्यांच्या तोंडची नावं वर वाचली आणि अंगावर काटा आला. खुद्री, मळ्या, घोगरा, कोळस. शिवाय वाम, मरळ. ताई, एक सांगतो, घोगरा नाव का? बाहेर काढला की घुर्र घुर्र आवाज करतो आणि काटा असा मारतो की हात दोन दिवस सुजलेला. आजोबा लहानपणी मला म्हणायचे, "घोगऱ्याला हात लावशील तर आईला हाक मारशील." त्या गोऱ्या साहेबाने आमच्याच कुणा खापरपणजोबाला विचारून लिहून घेतलं असणार. नाव साहेबाचं झालं. असो.

चढणीचे मासे हा शब्द इथे किती जणांना माहीत आहे? पहिल्या पुरात मासे उलटे वर चढायचे, ओढ्यांत, पार भातखाचरांत, अंडी घालायला. आजोबा म्हणायचे, चढणीच्या पोटुशा माशाला पहिले चार दिवस हात लावायचा नाही. सगळे पाळायचे असं नाही, पण निदान बोलायचे तरी. आता चढणार कुठे? बंधारा आहे, पाइप आहे, ओढ्यावर सोसायटी आहे. पहिल्या पुरात आता मासे चढत नाहीत. तुमच्या व्हिडिओतल्यासारखे तोंड वर करतात.

गळकरी

भोईआळीचा, _/\_ . मुळशीकडे अजून चढणीचे मासे म्हणतात. पण तिकडेही आता लोक जाळं कमी आणि ब्लीचिंग पावडर जास्त वापरतात. एका डबक्यात पावडर टाकायची आणि सगळं वर आलेलं गोळा करायचं, अंडी-पिल्लांसकट. सगळा दोष शहराच्या गटाराला देऊन चालणार नाही.

नारळीभात

विषयाला सोडून विचारते. उजनीची चिलापी आम्ही महिन्यातून दोनदा खातो. हे सगळं वाचून बंद करावी का? मुळा-मुठा शेवटी तिथेच जाते ना?

पावसाळी_बेडूक

जाते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. खाऊ नका असं म्हणायला मी डॉक्टर नाही. एवढं सांगते, कॅडमियम, शिसं हे जड धातू माशाच्या मांसापेक्षा यकृतात, मूत्रपिंडात, कल्ल्यांत जास्त साठतात, पाऱ्याचं मात्र तसं नाही, तो मांसातच बसतो. कल्ले आणि आतडी नीट काढा, डोकं रश्शात टाकू नका, आणि शहराच्या पुलाखाली धरलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्याकडे डास फार म्हणून मागच्या वर्षी गप्पी मासे आणून मागच्या ओढ्यात सोडले. फुकट मिळाले. ते तरी चांगलं केलं ना?

पावसाळी_बेडूक

टाकीत, हौदात, बंद कारंज्यात सोडा, काही म्हणणं नाही. ओढ्यात नको. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, पिल्लंच घालतो, घाण पाण्यात मजेत राहतो आणि दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. ओढ्यात डास झाले याचा अर्थ पाणी थांबलंय. ते का थांबलंय ते आधी बघा. आणि कुणाच्या घरी काचेच्या टाकीत तो काळा खवल्यांचा 'सकर' वाढून हातभर झाला असेल तर कृपा करून त्याला नदीत "मोकळा" करू नका. उजनीच्या मासेमारांना विचारा, जाळी फाडतो तो.

आंबटशौकीन

म्हणजे चिलापी आपण आणली, मांगूर आपण आणला (बंदी असून), गप्पी सेक्रेटरींनी, सकर शेजाऱ्यांनी. मूळ पुणेकर एकही नाही. हा धागा वेगळ्याच वळणाने पाचशे प्रतिसादांवर जाऊ शकतो, मी फक्त सुचवतोय.

झेड_पुलाचा_कट्टा

सगळं ठीक आहे, पण जायकाच्या, म्हणजे जपानी कर्जातून होणाऱ्या नदी शुद्धीकरणाच्या, प्रकल्पाचं काय? २०१६ पासून ऐकतोय, ११ नवी शुद्धीकरण केंद्रं. आणि त्याआधीच काठ सुशोभित करायची घाई. दगडी भिंती बांधून...

संपादक

काठ सुशोभीकरणावर वेगळा धागा आहे, तीनशे प्रतिसादांचा. तिकडे भांडा. इथे मासेच राहू द्या.

झेड_पुलाचा_कट्टा

माशांबद्दलच बोलतोय साहेब. सरळ भिंत बांधली की काठचं उथळ पाणी जातं. पिल्लं वाढतात कुठे? एवढं बोलून थांबतो.

कर्वेरस्ता_४

धागाकर्ता आहे, कुठे पळालो नाही. चार दिवस गप्प होतो, कारण थोडा वरमलो होतो. व्हिडिओ काढून टाकणार होतो, पण राहू दे.

व्हिडिओ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी परत पुलावर गेलो. ओंकारेश्वराच्या बाजूला पाण्याच्या कडेला पांढरी पोटं वर करून पडलेले मोजले. सत्तावन्नपर्यंत मोजले, मग वास सहन होईना. (आकडा ताईंच्या इंद्रायणीच्या यादीइतकाच निघाला, पण हे सगळे एकाच जातीचे.) चिलापीसुद्धा हरली म्हणायची. एका कार्यालयात फोन केला. तिथून सांगितलं, पाऊस पडला की असं होतं. मग म्हणाले तक्रार ऑनलाइन करा. ऑनलाइन तक्रारीत प्रकार निवडायचा असतो. "मृत जनावर" निवडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जागेवर कुत्रं आढळून आलं नाही, तक्रार निकाली.

काल रविवार. गळकरींना व्यक्तिगत निरोप केला आणि नातीला घेऊन ताम्हिणीच्या रस्त्याला त्यांनी सांगितलेल्या ओढ्यावर गेलो. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही, ब्लीचिंगवाले वाचत असतील. पाणी घोट्याएवढं, तळाचा खडान् खडा दिसत होता. नातीने एक चपटा दगड उचलला, तर त्याच्या खालच्या अंगाला काहीतरी तपकिरी चिकटलेलं. दगड आडवा केला, उभा केला, पडेना. मग ओल्या हाताने हळूच सोडवून तळहातावर घेतला. माझ्या करंगळीएवढा. क्षणभर तडफडला आणि मग अंगठ्याच्या खालच्या फुगवट्यावर त्याने ती चकती टेकवली. थंडगार, ओलसर चिमूट बसल्यासारखी. हात उलटा केला तरी तसाच. नात ओरडली, "आजोबा, त्याने तुम्हाला धरलंय!"

लगेच पाण्यात सोडला. ताई, हा मळ्याच ना? फोटो हललाय, हात ओले होते.

पावसाळी_बेडूक

मळ्याच. अभिनंदन, आणि हे खरं अभिनंदन.

भोईआळीचा

काका, मी मळ्या पाहिलेला नाही. नुसतं नाव ऐकलंय. पुढच्या रविवारी जाणार असाल तर येऊ का? वडिलांनाही आणतो, ते शहात्तरचे आहेत, पण चालतात.

विदा_द्या

माझ्याकडे ऑक्सिजन मोजायचं किट आलंय, मत्स्यपालनवाले वापरतात तसलं, थेंब टाकून रंग बघायचा. ओढ्याला येतोच, पण त्याआधी शनिवारी पहाटे पाचला भिडे पुलावर आणि त्याच दिवशी दुपारी बाराला पुन्हा. कोण येतंय?

कर्वेरस्ता_४

पाचला मी आहे. बाराला नाही जमणार, जेवण असतं. भोईआळीचा, रविवारी सहाला चांदणी चौकात भेटू. वडिलांसाठी गाडीत पुढची जागा ठेवतो. छत्री आणा आणि चपला घसरणाऱ्या नकोत.

आंबटशौकीन

शनिवारी बाराचा नमुना मी घेतो. माझं जेवण दोनला असतं.